दगडी बाईचं पुट्टीचं नाक

आमच्या बैठकीतल्या बाईचं नाक मी मोडलं, ते निव्वळ खात्री करून घेण्यासाठी.

बाई दगडाची होती, हे आधीच सांगितलेलं बरं. गेवराईला घर बांधलं तेव्हा वास्तुशांतीला सासऱ्यांनी बीडहून आणून दिलेलं ते शिल्प. पाटाएवढा दगड, त्यात आरशात बघून कुंकू लावणारी बाई कोरलेली, भिंतीतून अर्धी बाहेर आल्यासारखी. "अस्सल काळा दगड हाय, जावईबापू! लई पारखून घेतलाय!" मामा म्हणाले. (सासऱ्यांना मी मामाच म्हणतो.) पाहुण्यांनी माना डोलवल्या. मला मात्र तिथंच शंका आली. कुणी न विचारता 'अस्सल' म्हणतो, म्हणजे पाणी मुरतंय!

रोज पुसायच्या निमित्तानं मी तपास सुरू केला. टिचकी मारली, आवाज टणक आला. ओल्या फडक्यानं खसाखसा घासलं, रंग निघाला नाही. म्हणजे रंगसुद्धा पक्का दिला होता लेकाच्यांनी!

"कावून तिच्या मागं लागलेत तुमी?" बायको कडाडली. "माझ्या बापानं लई हौसेनं दिलंय त्ये!"

"काळजी घेतोय फक्त!"

ती बाजारात गेल्यावर मी स्क्रूड्रायव्हर काढला. चटकन कुणाला दिसणार नाही अशा जागी थोडं खरवडायचं ठरवलं. नाकाचं टोक मला तशी जागा वाटली. (का वाटली, हे आजही सांगता येत नाही!) आतही काळंच निघालं. संशय वाढला, म्हणून जोर वाढवला. टक्! नाक उडालं ते थेट खिडकीतून बाहेरच्या नालीत.

तेवढ्यात फोन. "जावईबापू, इकडंच निघालोय. चहा टाका!"

नळाची गळती बुजवायची पुट्टी मळली, नाक वळलं, वरून बायकोचं काजळ फासलं. लांबून बरं दिसत होतं. खूप लांबून.

मामा बशीतून चहा पिता पिता थांबले. भिंतीजवळ गेले. नाकाला नख लावलं. नख आत गेलं!

"जावईबापू, फसवलं की आपल्याला! ह्यो दगड न्हाई!"

खरं सांगायची हीच वेळ होती. मी म्हणालो, "मला तर पहिल्या दिवसापासून संशय होता, मामा! तुमचं मन दुखू नये म्हणून बोललो नाही."

मामांचा चेहरा पार उतरला. अख्ख्या गावाला सांगितलेला आहेर होता तो. मला फार वाईट वाटलं, पण आता उशीर झाला होता. मामांनी बाईला सतरंजीत गुंडाळलं, जीपमध्ये टाकलं आणि बाजारातून नुकत्याच परतलेल्या लेकीला नि मला घेऊन बीड गाठलं. "आज त्या दुकानदाराला सोडत न्हाई! तुमी फक्त साक्ष द्या, जावईबापू!" ते वाटभर म्हणत होते. मी वाटभर घाम पुसत होतो.

दुकानदारानं सतरंजी सोडली, शिल्प उलटं करून बघितलं, सुलटं केलं.

"दगड सोळा आणे खरा हाय, काका. नाक तेवढं आमचं न्हाई. पुट्टी अजून वाळली बी न्हाई!"

मामांनी आधी लेकीकडं बघितलं, मग माझ्या काजळानं काळ्या झालेल्या बोटांकडं.

"पोरी," ते हळूच म्हणाले, "दगड म्या ठोकून घेतलता. जावई घेतानाच हयगय झाली बघ!"

आयुष्यात पहिल्यांदाच मी कुणाची पारख खात्री न करता मान्य केली.