टपाल तिकिटाएवढा उमेदवार
प्रचारपत्रकाच्या ताज्या शाईचा वास आला की मला कर्वेनगरच्या एका सोसायटीतलं ते दार आठवतं. दार उघडणारे काका पत्रक हातातही न घेता म्हणाले, "माझा मुख्यमंत्री ठरलाय. आमदार कोण का असेना!" माझं डोकंच फिरलं. "अहो काका, मुख्यमंत्र्याचं बटण मशीनवर नसतंच! आपण आमदार निवडतो. निम्म्याहून जास्त आमदार ज्याच्या पाठीशी, त्याचं सरकार. न बघता निवडलेला आमदार उद्या कोणाच्या पाठीशी जाईल, सांगाल?" सोबतची ताई माझी ओढणी ओढत कुजबुजली, "अगं, मत घालवतेस!" काकांनी चष्मा चढवला, पत्रक घेतलं. "मग यात फोटोत तुमचा नेता एवढा मोठा आणि उमेदवार टपाल तिकिटाएवढा का?" "ते आमचं चुकलंच," मी म्हणाले. मतदानाच्या दिवशी काका मत देऊन परतताना केंद्राबाहेरच्या आमच्या टेबलापाशी थांबले आणि शाईचं बोट दाखवत म्हणाले, "सगळ्या उमेदवारांची माहिती काढली. तुमच्या माणसाला दिलं नाही. पण या वेळी आमदार बघून दिलं." ताईनं कपाळावर हात मारला, माझी मान मात्र ताठ झाली. आमचा उमेदवार पडला. तरी ते एक मत मी आजही मिळवलेलंच धरते.