टाकीमागचा ट्रे

माझी वहिनी लोकांच्या छपरांवर बाग लावते. स्लॅबवर चार बोटं माती पसरायची, त्यात झाडं लावायची, म्हणजे खालच्या खोल्या तापत नाहीत. ऐकायला सोपं वाटतं. पण आमच्याकडे पाऊस घाईतल्या पाहुण्यासारखा येतो आणि चहा न घेताच जातो. त्यामुळे कुठल्या झाडाशेजारी कुठलं झाड लावायचं, यात तिचा अर्धा जन्म गेला आहे. घरात भाजीचा विषय निघाला तरी ती मुळं किती खोल जातात ते सांगते.

एका शाळेच्या छपरावर तिने सगळीकडे नुसता चिनी गुलाब लावला होता. उद्घाटनाला लोक बघतच राहिले. उन्हाळ्यात मात्र सगळं छप्पर बोडकं झालं आणि लोक वहिनीला ‘टकलाची बाई’ म्हणायला लागले. लोकांचं काय, उचलली जीभ लावली टाळ्याला. पण कामं येईनाशी झाली, हे खरं.

मग प्रसूतिगृहाचं काम आलं. बाळंतिणींची खोली नेमकी वरच्या मजल्यावर. हे छप्परही बोडकं झालं असतं तर वहिनीला पुन्हा कुणी दारात उभं केलं नसतं, आणि खाली तान्ही बाळं भाजली असती ते वेगळंच. म्हणून तिने आमच्या गच्चीवर ट्रे मांडले. प्रत्येकात वेगळं मिश्रण. कोरफड, पानफुटी, घोळ, जमिनीलगत पसरणारं जाड पानांचं सेडम, गवत, यांच्या नाना जोड्या. आख्खा उन्हाळा पाण्याचा थेंब द्यायचा नाही, जे जगेल ते प्रसूतिगृहावर जाणार.

तिने घरात सगळ्यांना बजावलं. बाबांनी मान डोलावली. बाबांची डोलावलेली मान म्हणजे नकार, हे मला लहानपणापासून माहीत आहे, पण घरातच राहिलेल्या नणंदेला विचारतं कोण?

बाबांनी पाणीपुरवठ्यात नोकरी केली. जन्मभर व्हॉल्व्ह फिरवून गल्लोगल्ली पाणी सोडलं. आई गेल्यावर ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसले ते बसलेच. जेवायला हाक मारली की येत, औषध दिलं की घेत. आम्हीही त्यापलीकडे काही विचारत नव्हतो.

उन्हाळा संपत आला तरी ट्रे हिरवेगार. पानफुटी तर माजलेली. वहिनी आधी खूश झाली, मग तिला शंका आली. तिने मातीत बोट खुपसलं, ते ओलं निघालं.

ती खाली आली. “बाबा, तुम्ही पाणी घातलंत?”

“थोडंसंच,” बाबा म्हणाले. “सकाळी सकाळी. तांब्याने. बघवेना गं.”

मी भडकले. “तिने हात जोडून सांगितलं होतं ना तुम्हाला?”

वहिनी जिन्याच्या पायरीवर बसली आणि रडायला लागली. लागवड तोंडावर आली होती, आणि नवा उन्हाळा काही बाजारात मिळत नाही. तिला रडताना मी पहिल्यांदाच बघत होते. माझा राग कुठल्या कुठे गेला.

थोड्या वेळाने तिने डोळे पुसले. “सगळ्यांना घातलंत?”

“टाकीमागचा सोडून. तो केव्हाच मेला. मेल्याला पाणी घालून काय उपयोग?”

वहिनी उठली. आम्ही तिघंही वर गेलो. टाकीमागच्या ट्रेमध्ये तिने उरलंसुरलं कोंबलं होतं. वर नुसता वाळक्या गवताचा झुपका. तिने तो दोन्ही हातांनी बाजूला केला. माती पिठासारखी कोरडी होती आणि गवताच्या सावलीत सेडमची बारकी पानं दाटीने बसली होती. लालसर, सुरकुतलेली, पण जिवंत. मधे कोरफडीची पिल्लंसुद्धा होती.

“अरे वा,” बाबा म्हणाले, “यांनी तर मला फसवलं.” आणि ते उकिडवे बसून एकेक पान बोटाने चाचपू लागले. गुडघे दुखतात म्हणून संडासातली बैठक बदलायला लावणारे आमचे बाबा. हा माणूस रोज तांब्या घेऊन जिने चढत होता, कुठला ट्रे कधी कोमेजला ते त्याला पाठ होतं, आणि आम्हाला पत्ता नव्हता. मला फार लाज वाटली.

वहिनीने तेच मिश्रण प्रसूतिगृहावर लावलं आणि ती देखरेखीला बाबांना घेऊन जायला लागली. तिथल्या गच्चीवर नळ आहे. त्याची तोटी वहिनीने काढून स्वतःच्या पर्समध्ये ठेवली आहे. विश्वास आहे, पण इतका नाही.

आता पुन्हा उन्हाळा आहे. ते छप्पर खालून बघितलं तर वाळून गेलेलं दिसतं, पण बाळंतिणींच्या खोलीत दुपारीसुद्धा बाळं शांत झोपतात. बाबा संध्याकाळी घरी येतात, चप्पल काढायच्या आतच आम्हाला बातमी देतात.

“आज गवत बाजूला करून बघितलं. आहेत, सगळी आहेत.”