प्रार्थनेत केलेली आठवण

आमच्या मंडळीत कुणी कुणाची निंदा करत नाही. निंदा पाप आहे, असं व्यासपीठावरून आम्हाला वारंवार सांगितलेलं आहे. म्हणून आम्ही प्रार्थनेत आठवण करतो. 'अमक्याच्या मुलाची आठवण करा, हल्ली तो पितो.' 'तमकीच्या सुनेची आठवण करा, माहेरी येऊन बसलीय बिचारी.' डोळे मिटायचे, मान खाली घालायची आणि 'स्वर्गीय बापा' म्हणून सुरुवात करायची; मग शेजारच्या घरातलं भांडणसुद्धा पवित्र होतं. वर त्याला कुणी अडवू शकत नाही. माणूस बोलत असेल तर मध्ये तोंड घालता येतं. प्रार्थनेच्या मध्ये कोण तोंड घालणार?

मी जन्मापासून याच मंडळीतली. माझ्या पणजोबांच्या आधीपासून आमचं घर ख्रिस्ती. शाळेत मुलांना शिकवलं, रविवारच्या शाळेत शिकवलं, निवृत्त झाल्यावर शहराला लागून केडगावात दोन खोल्यांचं घर बांधून एकटी राहते. ही आठवणींची पद्धत मला आवडत नव्हती, पण खटकतही नव्हती. दुसऱ्याच्या घरची होती तोवर चालून जात होती.

मग माझी धाकटी बहीण सासर सोडून माझ्याकडे आली. एक बॅग आणि तिची हार्मोनियम, एवढंच घेऊन टेम्पोतून उतरली. काय झालं विचारलं तर म्हणाली, "ताई, आमचं दोघांचं ठरलंय. भांडन न्हाई, मारहान न्हाई. येगळं व्हायचं ठरलंय. जास्त इचारू नको." मी विचारलं नाही. आम्ही काष्टी गावच्या. आमच्या घरात माणूस बोलला नाही तर त्याच्यापुढे जेवायचं ताट ठेवतात आणि गप्प बसतात. सासर जामखेडच्या बाजूचं आहे. गावाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे कळेल.

पहिल्याच रविवारी ती उपासनेला आली. गाणी सुरू झाली, तेव्हा वाजवणारा आला नव्हता म्हणून ती पेटीवर जाऊन बसली, आणि कित्येक दिवसांनी मी तिचा चेहरा मोकळा बघितला. पण प्रभुभोजनाची वेळ आली तेव्हा आमच्या मंडळीच्या धर्मगुरूंनी, पाळकसाहेबांनी, तिला हळूच बाजूला घेतलं. घर सोडलेल्या बाईनं आधी पाळकांना भेटावं, कारण सांगावं, मग भाकर आणि द्राक्षारस घ्यावा, म्हणाले. असा नियम कुठे लिहिलेला आहे हे मी नंतर विचारलं. कुठेच नाही. घर सोडलेल्या पुरुषाला तो लागू झाल्याचंही मला आठवत नाही.

ती भेटायला गेली. सांगायचं नाही असं ठरवून गेली होती. पण पाळकसाहेब म्हणाले, मी तुझा आत्मिक बाप आहे, बापापासून काय लपवायचं? हे तुझ्या, माझ्या आणि देवाच्या मध्ये राहील. पुन्हा पुन्हा तेच. ती मनानं थकलेली होती, आणि भाकरीशिवाय रविवार तिला सोसत नव्हता. तिनं सांगितलं.

गोष्ट तिच्या नवऱ्याच्या तब्येतीची होती. नवरा-बायकोच्या खोलीतली. याच्यापुढे मी एक शब्द लिहिणार नाही. पाळकसाहेबांनी केलं तेच मी कागदावर करू काय? एवढंच सांगते की सासरी इतकी वर्षं सगळे बोल हिच्या माथी आले आणि हिनं ते येऊ दिले. नवऱ्याला गावात मान वर करून राहता यावं म्हणून. निघताना तिनं त्यांना शब्द दिला होता, हे माझ्यासोबत मातीत जाईल. त्या माणसापाशी त्या एका शब्दाशिवाय दुसरा आधार नव्हता.

बुधवारच्या प्रार्थनासभा आमच्याकडे घरोघरी पाळीनं होतात. त्या बुधवारी पाळी माझ्या घरची. पुढच्या खोलीत सतरंजी टाकली, खुर्च्या शेजारून आणल्या, पोहे भिजवले. मंडळीतल्या बायका आल्या, पंच आले. पंच म्हणजे मंडळीचा कारभार बघणारे पाच-सहा वडीलधारे. गाणी झाली, वचन झालं. मग पाळकसाहेब उठले आणि बहिणीपाशी जाऊन उभे राहिले. 'या आपल्या भगिनीसाठी आपण मनावर भार घेऊन प्रार्थना करू,' म्हणाले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. विचारलं नाही. ती दचकली, मान मागे घेतली. हात तिच्या मानेबरोबर मागे गेला.

सगळ्यांनी डोळे मिटले. मीही मिटले.

"हे कृपाळू बापा, तुझ्या या दासीकडे बघ. तिच्या पतीकडे बघ..." आणि मग त्यांनी ते म्हटलं. आडपडदा न ठेवता, चांगल्या शुद्ध मराठीत, तिच्या पतीच्या शरीरात काय उणं आहे ते सांगून, बापा, ते भरून काढ अशी विनंती केली. सख्खी बहीण असून मला ठाऊक नव्हतं. ते मी माझ्याच घरात, पोह्यांच्या वासात, वीस माणसांबरोबर ऐकलं.

मी डोळे उघडले. बहिणीचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि तो हात अजून तिच्या डोक्यावरच होता. खोलीत कुणाच्या घशातून सूरसुद्धा येत नव्हता. एरवी प्रार्थनेत आमच्या बायका 'होय प्रभू, होय प्रभू' करत असतात. त्या दिवशी एकही शब्द सांडू नये म्हणून सगळ्या कान देऊन बसल्या होत्या. पाळकसाहेब आता डॉक्टरांनी काय सांगितलं तिकडे वळले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. काय करावं सुचेना, आणि मग सुचलं. वर्गावर काढायचे त्या आवाजात मी म्हणाले, "आमेन!"

सवय मोठी असते. सगळी खोली म्हणाली, "आमेन."

लोकांनी डोळे उघडले, कुणी पदर सारखा केला, एकीनं चप्पल शोधायलाही सुरुवात केली. पाळकसाहेब तोंड उघडं ठेवून उभे. "बाई, प्रार्थना चालू होती," ते म्हणाले.

"झाली. हात काढा तिच्या डोक्यावरचा."

त्यांनी काढला. पोहे कुणी खाल्ले नाहीत असं सांगायला मला आवडलं असतं, पण खाल्ले, आणि चांगले झालेत असंही म्हणाले.

खरा संताप मला पुढच्या दिवसांत आला. मंडळीत बोंब झाली ती कशाची? पाळकानं विश्वासघात केला याची? छे! बाईंनी प्रार्थना तोडली याची. चालत्या प्रार्थनेत आमेन म्हणणं हे केवढं पाप, यावर बायका दारादारांत उभ्या राहून बोलत होत्या. आणि बोलता बोलता, प्रार्थनेत काय होतं तेही सांगत होत्या. नाहीतर समोरच्याला कळणार कसं? जिल्ह्यातली आमची माणसं एकमेकांची सोयरी. कुणाची नणंद तिकडे दिलेली, कुणाचा मामा तिकडे मास्तर. गोष्ट पसरायला वेळ लागला नाही.

शनिवारी तिच्या नवऱ्याचा फोन आला. मी स्वयंपाकघरात होते. ती दाराशी उभी होती. तो ओरडत असता तर बरं झालं असतं. त्याचा आवाज बाहेर येतच नव्हता. ती एवढंच म्हणाली, "व्हय. माज्याकडूनच गेलं." पाळकांचं नाव तिनं घेतलं नाही. फोन ठेवल्यावर मी तिच्यावर चिडले. म्हटलं, सांग ना त्यांना कुणी केलं ते! तर म्हणाली, "शब्द म्या दिल्ता, ताई. त्यांनी न्हाई." मग भिंतीकडे तोंड करून बसली. हार्मोनियमवर तिनं चादर टाकली ती काढली नाही.

त्यानंतर पंचांचं बोलावणं आलं, मला. देवळाच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, मागच्या खोलीत पंच ओळीनं बसले होते, पाळकसाहेब मधल्या खुर्चीत. मी माफी मागावी अशी त्यांची अपेक्षा होती. चोर तो चोर, वर शिरजोर! मी काय काय बोलणार होते ते घरून जुळवून गेले होते आणि आवाजही चढलाच होता, पण बहीण माझ्या मागोमाग आत आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. बसायला खुर्ची नव्हती, ती उभीच राहिली.

"पाळकसाहेब," ती म्हणाली, "देवाला समदं आदीच ठाऊक असतं, आसं तुमीच सांगता ना?"

"अर्थात, बेटा. तो अंतर्यामी आहे."

"मंग त्या दिशी तुमी कुनाला सांगत हुता?"

एका पंचानं घसा खाकरला, दुसऱ्यानं पंख्याकडे बघितलं. पाळकसाहेबांचा चेहरा लाल झाला, आणि मग मला त्यांच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं काहीतरी दिसलं. "आपण सगळेच दुखावलेले आहोत," ते म्हणाले. "आपण प्रार्थना करू या."

पंचांच्या माना एकदम खाली गेल्या. डोळे मिटले. मला माझा राग आला, कारण माझेही मिटत चालले होते.

"डोळं उगडा," बहीण म्हणाली. "माजं बोलनं झालं न्हाई."

एकेक करून माना वर आल्या. पाळकसाहेबांची सगळ्यांत शेवटी.

"माजी माफी मागू नका. तिचं मी काय करू?" ती म्हणाली. "तुमी त्यांच्या गावाला जा. त्यांच्या घरी बसा. आन् त्यांना सांगा, तिनं तुमची गोष्ट उगडी केली न्हाई, म्या केली. त्यांना यवढं तरी कळू द्या."

पाळकसाहेब म्हणाले, प्रभूची इच्छा असेल तर जाईन.

मला वाटलं होतं ती आता मंडळी सोडेल. मी तरी सोडली असती. मी तिला म्हटलंही, शहरात दुसरी देवळं काय कमी आहेत. ती म्हणाली, "म्या का जाऊ?" आणि दर रविवारी जाते, मागच्या बाकावर बसते. उपासना संपली की पाळकसाहेब दारात उभे राहून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाशी हात मिळवतात. ती रांगेत उभी राहते, तिची पाळी येते, ते हात पुढे करतात. ती तो हात धरत नाही. सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारते, "जाऊन आलात का?"

अजून ते गेलेले नाहीत.