लियाकतभाईंच्या बोटीतल्या चार रिकाम्या जागा

आमच्या समोरच्या फ्लॅटमधले लियाकतभाई मूळचे दाभोळचे. दुबईत एका क्लीअरिंग कंपनीत कंटेनर भरून घेण्यात त्यांचा जन्म गेला आणि त्याचा डोक्यावर परिणाम झालाय, असं माझं स्पष्ट मत आहे. रिकामी जागा दिसली की हा माणूस बेचैन होतो. आम्ही सुट्टीला निघालो की आमच्या बॅगेत दोन किलोची जागा उरलीय हे त्यांना आमच्या आधी कळतं, आणि मग कुणाच्या तरी मामीसाठी खजूर येतो. आमच्या यांना भिडेपोटी नाही म्हणता येत नाही. मी म्हणून बघते, पण खजूर येतोच.

या माणसाकडे मरियमबीनं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, लग्नाला तीस वर्षं झाल्यावर पहिल्यांदा काहीतरी मागितलं. तिनं फोनवर एक व्हिडिओ पाहिला होता. इंग्लंडमधल्या नदीतून एक लांबलचक, अरुंद बोट चाललीय. चाललीय कसली, रांगतेय! काठावर कुत्रं फिरवणारी बाईसुद्धा तिच्या पुढे निघून जाते. संध्याकाळी म्हातारा उतरून दोर खुंटीला बांधतो, म्हातारी चहा ओतते, दोन बदकं येतात. रात्री तिथंच मुक्काम. बस, संपलं.

"बघ ना उर्मिला, कोणी येत नाही, कोणी जात नाही," मरियमबी मला म्हणाली. "मला एवढंच हवंय. आम्ही दोघंच."

यात काय मोठंसं, असं वाटेल. पण लग्नानंतरची पंधरा वर्षं लियाकतभाई दुबईबाहेर, उम्म अल कुवैनला आठ जणांच्या खोलीत राहिले, आणि ती दाभोळला सासरी. त्या खोलीत कुणाची बदली झाली की खाट संध्याकाळपर्यंतही रिकामी राहत नसे, असं ते अजून अभिमानानं सांगतात. मग फॅमिली व्हिसा झाला, दुबईतल्या करामा भागात फ्लॅट घेतला, तर इथं हॉलमध्ये कायम गावचा कोणीतरी, नोकरी लागेपर्यंत. एक गेला की दुसरा. दोघांपुरता भात किती लावायचा हे मरियमबीला आजही माहीत नाही. मला तर बाई या माणसाचा राग येतो.

खर्च लेकीनं, नबिलानं उचलला. लियाकतभाई तयारीला लागले आणि आमच्या मजल्याची झोप उडाली. जेवणाच्या टेबलावर इंग्लंडमधल्या एव्हन नदीचा नकाशा पसरला. बोट एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेणारे पाण्याचे दरवाजे कसे उघडायचे, हे त्यांनी मला दोन स्टीलच्या पातेल्यांनी समजावलं आणि माझी साडी भिजवली. आरामाच्या सहलीचं वेळापत्रक तर असं, की पोर्टातला माणूस लाजेल. "निवांत बसणे" असं एका रकान्यात चक्क लिहिलेलं होतं.

त्या संध्याकाळी मी विरजण मागायला गेले, तर भाई खुशीत होते. हॉलमधला सध्याचा पाहुणा इंटरव्ह्यूला गेला होता. मरियमबी आत सुरमई तळत होती, नबिला सोफ्यावर फोन चाळत होती.

"वहिनी, डील बघा! दोन जणांच्या बोटीपेक्षा सहा जणांची फक्त चारशे दिरहमनी महाग. म्हणजे नऊ-दहा हजार रुपये. फुकटच की! बुक केली."

"आणि उरलेल्या चार जागा?" मी विचारलं.

"भरल्या! आपला नूरुद्दीन बर्मिंगहॅमलाच आहे ना, माझा धाकटा भाऊ. तो, त्याची बायको, दोन मुलं. शिवाय पहिल्या रात्री बोट बांधायची तिथून त्याचे सासरे जवळ. ते बिर्याणी घेऊन येणार."

"अब्बा, इट्स अ हॉलिडे, नॉट अ शिपमेंट!" नबिला ओरडली.

मरियमबी स्वयंपाकघराच्या दारात आली. हातात झारा. आवाज चढला नाही, हेच वाईट.

"नबिलाचे अब्बा, मी येत नाही. आणखी एक जागा रिकामी झाली. तीही भरून टाका."

ती आत गेली. भाईंनी नकाशाकडे पाहिलं, मग दाराकडे. मी एरवी टोमणा मारला असता, पण त्यांचा चेहरा पार उतरला होता. मग त्यांनी फोन उचलला. सवयीप्रमाणे स्पीकरवर.

"नूरुद्दीन, तुम्ही येऊ नका."

"का भाई? बोट लहान पडतेय? मग आम्ही दुसरी घेतो, मागोमाग येतो!"

मी कपाळावर हात मारला. सगळं खानदान एकाच मुशीतलं!

"बोट मोठी आहे," भाई म्हणाले. कान लालबुंद झाले होते. "जागा भरपूर आहे. ती रिकामीच राहू दे. मला नबिलाच्या अम्मीबरोबर जायचंय. आम्ही दोघंच."

मग नूरुद्दीननं हळूच विचारलं, "भाई, तब्येत बरी आहे ना?"

"एकदम बरी. खलास. ठेव फोन."

आतला गॅस बंद झाला. नबिला उठली आणि आपल्या खोलीत गेली. मरियमबी ओढणीला हात पुसत बाहेर आली आणि नवऱ्याशेजारच्या खुर्चीवर बसली. घरात माझ्यासारखं बाहेरचं कुणी असताना तिला अशी बसलेली मी कधी पाहिली नव्हती. डोळे भरलेले, पण हाताचं बोट नकाशावर.

"बदकं कुठल्या मुक्कामाला असतात?" तिनं विचारलं.

मीही उत्सुकतेनं खुर्ची पुढे ओढली. तेव्हा मरियमबीनं माझ्याकडे पाहिलं.

"उर्मिला, तुझं विरजण ओट्यावर काढून ठेवलंय," ती म्हणाली. "घेऊन जा. आणि जाताना दार ओढून घे."