पाणीवाल्याचे हितचिंतक

पोहण्याच्या तलावावर रोज येणारी माणसं स्वतःला निरोगी समजतात. या समजुतीला धक्का लावू शकेल असा एकच माणूस त्या इमारतीत होता, आणि तो पगारी नोकर असल्यामुळे गप्प होता.

त्याला सगळे पाणीवाला म्हणायचे. अकरा वर्षं तिथलं पाणी त्याच्या ताब्यात होतं. सकाळी साडेपाचला येऊन पंपाची खोली उघडायची, गाळणीच्या अलीकडची तारेची टोपली बाहेर काढायची आणि आदल्या दिवशीचे निरोगी लोक मागे काय ठेवून गेले ते रिकामं करायचं. केसांचे बोळे, जखमेवरच्या पट्ट्या, नखं, एकदा कुणाचा तरी खालचा दात, तोही सोन्याने मढवलेला. मग नळीत पाणी घेऊन त्यात थेंब टाकायचे, रंग बघायचा आणि त्या हिशेबाने क्लोरीन सोडायचं. ज्याला लोक क्लोरीनचा वास म्हणतात आणि स्वच्छतेची खूण समजून छाती भरून घेतात, तो वास खरं तर घामाशी आणि लघवीशी झगडून दमलेल्या क्लोरीनचा असतो, हे त्याला माहीत होतं. वास जितका जास्त तितकं पाणी घाण. ‘आंघोळ करूनच पाण्यात उतरावे’ ही पाटी त्याने तीनदा रंगवली होती. वाचताना कुणालाही पाहिलं नव्हतं. अकरा वर्षांत तो स्वतः एकदाही त्या पाण्यात पोहला नाही.

टोपली रिकामी करताना तो नेहमी मान वळवायचा आणि श्वास धरायचा. अकरा वर्षांतही ती किळस गेली नव्हती. मग एका सकाळी त्याच्या लक्षात आलं, की आपण हातमोजे न घालता बोळा उचललाय, तो हातात धरून उभे आहोत आणि काहीच वाटत नाहीये. किळस नाही, कंटाळा नाही, दुःखसुद्धा नाही. पुढे अंथरुणातून उठायला तासभर लागायला लागला. जेवण तोंडात फिरायचं, उतरायचं नाही. कुणी हाक मारली तर ती त्याच्यापर्यंत पोचायला वेळ लागायचा.

त्याची थोरली बहीण तलावाच्या तिकीट-खिडकीवर बसायची. नवरा गेल्यापासून ती भावाकडेच राहत होती. स्वभाव तिखट, जीभ त्याहून तिखट, पण भाऊ गप्प झाल्यावर तिचाही आवाज खाली आला. हाताला धरून ती त्याला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी बरंच विचारलं, तो ‘ठीक आहे’ म्हणत राहिला, आणि त्यावरूनच बाईंना काय समजायचं ते समजलं. नैराश्य आहे म्हणाल्या. कागदावर तीन गोष्टी लिहिल्या: रोज एक गोळी, रोज अर्धा तास चालणं, वेळेवर पोटभर जेवण. ताईला बजावलं, की तिन्ही करायचं, एकाच्या बदल्यात दुसरं नाही, आणि फरक पडायला पाच-सहा आठवडे लागतील.

बस सोडून तो तलावापर्यंत चालत जायला लागला. ताई डबा भरून द्यायची, गोळी समोर उभी राहून घ्यायला लावायची. पाचव्या आठवड्यात वाटेवरच्या एका घराचं फाटक कुणीतरी झगझगीत जांभळं रंगवलेलं त्याला दिसलं, आणि त्याच्या मनात आलं, की काय हा रंग! कित्येक महिन्यांत त्याला एखाद्या गोष्टीबद्दल आलेलं हे पहिलं मत. ही सुधारणा होती. पण ती इतकी बारीक होती, की ताईला दिसली नाही. तिला भाऊ हसलेला हवा होता. ती घाबरलेली होती, आणि घाबरलेल्या माणसाला सल्ले देणारे आपोआप सापडतात.

इथे फुलपाखरूकाका आले. हे गृहस्थ सत्तरीचे. तीस वर्षं पडद्याच्या कापडाचं दुकान चालवून निवृत्त झालेले. पोहायचे फक्त फुलपाखरू पद्धतीने, म्हणजे शेजारच्या दोन्ही रांगांतल्या माणसांच्या नाकातोंडात पाणी घालत. साखर सोडून त्यांची पाठदुखी गेली होती, आणि तेव्हापासून जगातला प्रत्येक आजार साखरेने होतो अशी त्यांची खात्री झाली होती. पडदे विकताना गिऱ्हाईक निदान खिडकीचं माप तरी घेऊन यायचं. इथे त्याचीही गरज नव्हती. ताईने खिडकीतून भावाचं दुखणं अर्धं सांगितलं, उरलेलं अर्धं काकांनीच तिला सांगितलं. मन-बिन काही नसतं, सगळं पोटात असतं. गोळ्या म्हणजे कुबड्या, त्या आहेत तोवर पाय काम करणार कसे? आठ दिवस बंद करून तर बघा.

कपडे बदलायच्या खोलीत मंडळच बसलं. टॉवेल गुंडाळलेले पाच-सहा उघडे, ओले पुरुष, बोटांच्या बेचक्यांत पावडर भरता भरता, एका माणसाच्या मेंदूवर मतं देत होते. उंटावरून शेळ्या हाकायच्या तर उंट तरी लागतो. यांना बाकडं पुरलं. एकाने चहा बंद करायला सांगितला, दुसऱ्याने पाव, तिसऱ्याने मीठ, चौथ्याने रात्रीचं जेवणच. पाचव्याचं म्हणणं पडलं, की चालणं हा काही व्यायाम नव्हे. चालतात तर म्हाताऱ्याही. सगळ्यांचं सगळं स्वीकारलं गेलं.

ताईने गोळ्यांची पाकिटं तिकिटांच्या खणात टाकून कुलूप लावलं. आठ दिवसांसाठी.

पाणीवाला हो म्हणाला. तो सगळ्यालाच हो म्हणत होता, कारण नाही म्हणायला जी ताकद लागते ती त्याच्याजवळ नव्हती. लोकांनी याला जिद्द म्हटलं. सकाळी हिरवा रस. तो पालकाचा होता असं सांगतात. डबक्याच्या कडेला उभं राहिल्यावर जो वास येतो तोच त्याला यायचा, आणि पेल्याच्या तळाशी गाळ उरायचा तोही प्यावा लागे. दुपारी बिनमिठाचा उकडलेला भोपळा. संध्याकाळी सहा भिजवलेले बदाम, मोजून. आणि तलाव उघडायच्या आधी रोज चाळीस फेऱ्या, त्या पाण्यात. शहरात एकच माणूस होता ज्याला त्या पाण्यात काय काय आहे ते नेमकं ठाऊक होतं, आणि तब्येतीसाठी त्यालाच त्यात बुडवलं गेलं. व्यायामाला उशीर नको म्हणून काका त्याला घरून मोटारीने घेऊन यायचे. त्यामुळे चालणं बंद झालं. यात काही विसंगत आहे असं कुणालाही वाटलं नाही.

आठाचे एकवीस दिवस झाले. सात किलो वजन उतरलं. मंडळ म्हणालं, तेज आलंय. खरं म्हणजे गालांची हाडं वर आली होती आणि त्यांच्यावर दिव्याचा उजेड पडत होता. आता त्याला झोप लागत नव्हती, चक्कर यायची, हात कापायचे. आणि चाळीस फेऱ्या पुऱ्या झाल्या नाहीत की काका काठावरून शिट्टी फुंकून ‘मनावर घेत नाही हा’ म्हणायचे, तेव्हा आपण आजारी पडण्यातही कमी पडलो असं त्याला वाटायचं. आधी नुसतं रिकामं होतं. आता रिकाम्यात अपराध येऊन बसला. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. फुफाटा मात्र पौष्टिक होता.

बाविसाव्या सकाळी चौदाव्या फेरीला तो खोल बाजूला गेला आणि वर यायचं थांबला. ठरवून नाही. पाण्याखाली काकांची शिट्टी ऐकू येत नव्हती, एवढंच आधी जाणवलं. तळाच्या जाळीपाशी तो टेकला. आता वर गेलं नाही तर काय बिघडणार आहे, असा विचार आला. तो ओळखीचा होता, गेले आठ दिवस येऊन जाऊन होता. आज तो बसला, आणि उठायची घाई करेना.

तेवढ्यात त्याच्या तोंडाला काहीतरी चिकटलं. त्याने हात लावला. जाळीतून सुटलेला केसांचा बोळा होता, बुळबुळीत, निम्मा पांढरा, निम्मा कलप लावलेला, आणि त्यात अडकलेली जखमेची पट्टी, तिच्यावर पिवळा डाग. ती पट्टी त्याच्या ओठांवर होती.

अंगभर शिसारी आली. पोटापासून टाळूपर्यंत, जुनी, अस्सल, अकरा वर्षांची. तो असा उसळून वर आला, की काकांना वाटलं फुलपाखरू शिकला. काठाला धरून तो ओकला. सगळा हिरवा रस काकांच्या दोन्ही पावलांवर.

काका मागे सरले नाहीत. समाधानाने खाली बघत म्हणाले, “उत्तम. विष बाहेर पडतंय.”

पाणीवाल्याने तोंड पुसलं, पुन्हा पुसलं, आणि तसाच निथळत तिकीट-खिडकीपाशी गेला. बाहेर पहिल्या तुकडीची रांग लागली होती. ताई सुटे पैसे लावत होती.

“ताई, माझ्या गोळ्या दे.”

“अरे, असा ओला कुठे आलास? काका म्हणतात अजून आठ दिवस...”

“मी तळाला बसलो होतो,” तो म्हणाला. “वर यावंसं वाटत नव्हतं.”

ताईने त्याच्याकडे पाहिलं. मग किल्ली शोधली. ती तिच्याच गळ्यात होती, तरी तिने पिशवी दोनदा उपसली. रांगेतल्या एकाने अजून किती वेळ म्हणून विचारलं. “आज पोहणं नाही,” ती म्हणाली आणि त्याच्या तोंडावर खिडकी लावून घेतली. नियमाप्रमाणे हा अधिकार तिला नव्हता.

डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत, हे ताईला जास्त लागलं. त्यांनी त्याला तो विचार कधीपासून येतो, किती वेळ थांबतो, सगळं सरळ विचारलं, आणि या वेळी तो ‘ठीक आहे’ म्हणाला नाही. गोळी पुन्हा कमी मात्रेपासून सुरू करावी लागणार होती, म्हणजे पुन्हा पाच-सहा आठवडे. त्याला एकटं ठेवायचं नाही, काही दिवस तलावावर पाठवायचं नाही, विचार परत आला तर त्याच क्षणी सांगायचं, लाजायचं नाही.

ताई दारापर्यंत जाऊन परत फिरली. “पण बाई, व्यायामाने फायदा होतो की नाही, ते एकदा सांगाच.”

“होतो ना,” बाई म्हणाल्या. “चालत होता तेव्हा होत होता. थांबवलं कुणी?”

ताईने पिशवी उचलली आणि भावाचा हात धरला.

तीन आठवड्यांनी तो कामावर गेला. मंडळ तसंच होतं, टॉवेल तेच. काका नव्या लोकांना सांगत होते, की अमक्या सकाळी या माणसाच्या शरीरातून सगळं विष कसं एका दमात बाहेर पडलं, आपण स्वतः तिथे हजर होतो. ताई भांडायला उठली. पाणीवाल्याने तिला बसवलं. त्याला भांडणाचा कंटाळा आला होता, आणि कंटाळा येतोय हे कळत होतं. हातमोजे घालून, मान वळवून, श्वास धरून तो टोपली रिकामी करत होता. चाळीस फेऱ्यांचं कुणी विचारलं तर ‘तुम्ही मारा’ एवढंच म्हणायचा.

सकाळी दोघं चालत यायची. ताईचे गुडघे दुखायचे, ती दर वळणावर ते जाहीर करायची. भीक नको पण कुत्रं आवर म्हणावं अशी तिची सोबत होती, पण ती एकही दिवस चुकली नाही. रोज ती विचारायची, आज तो विचार आला का. तो खरं सांगायचा. कधी हो, कधी नाही. हो म्हणाला की तिची पावलं जवळ यायची, नाही म्हणाला की गुडघे दुखायला लागायचे.

सातव्या आठवड्यात दुपारी पंपाच्या खोलीत दोघं जेवायला बसली. डब्यात पाव, अंडी, मीठ घातलेले बटाटे. त्याने दोन घास खाल्ले आणि थांबला. ताईही घास हातात धरून त्याच्याकडे बघत राहिली. भोपळ्याच्या दिवसांतही तो असाच थांबायचा.

“बटाटे कच्चे आहेत,” तो म्हणाला.

वर्षभरात त्याने तिच्या स्वयंपाकाला नावं ठेवली नव्हती. एरवी तिने तिथल्या तिथे त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. त्या पिढ्या तिच्याही होत्या, पण असल्या वेळी ती ते बघायची नाही. आज तिला पदरात तोंड घालायला लागलं. मग नाक ओढत ती म्हणाली, “उद्यापासून तूच कर मग, मोठा आचारी लागून गेलास.”

दुसऱ्या दिवशी त्याने केले. करपले. तिने त्याला ते शेवटच्या फोडीपर्यंत ऐकवलं, आणि त्याने, तोंड वाकडं करत, सगळे खाल्ले.