ढगमास्तरांनी पेटवलेलं गाव

रेडिओ केंद्रात त्यांना सगळे ढगमास्तर म्हणत. नाटकात ढग गडगडायची वेळ आली, की स्टुडिओच्या कोपऱ्यात टांगलेला पातळ पत्रा ते असा काही हलवत, की ऐकणाऱ्या बायका दोरीवरचे कपडे काढायला धावत. सेलोफेनचा कागद माइकजवळ चुरगाळला की आग लागायची. खडीच्या घमेल्यात जुने बूट आपटले की पलटण चालायची. चामड्याचे हातमोजे झटकले की कबुतरं उडायची. नटांची नावं गावाला पाठ. यांचं नाव कधी कुणी घेतलं नाही. त्याचं त्यांना वाईटही वाटत नसे. "कुणाच्या लक्षात आलो नाही, म्हणजे काम जमलं," असं म्हणून ते चहात बिस्किट बुडवत.

त्यांची थोरली मुलगी ठमी लहान असताना एकदा त्यांच्याबरोबर स्टुडिओत आली होती. जड दारात तिचं बोट सापडलं आणि पोरीने टाहो फोडला. नेमकं रेकॉर्डिंग यंत्र चालू होतं. ते रडणं मास्तरांनी एका नाटकात वापरलं. नाटक घरी लागलं तेव्हा बायको ताडकन उठून उभी राहिली. "हे पुन्हा वाजवायचं नाही. पोरीचं दुखणं काय बाजारात मांडायची चीज आहे?" मास्तरांनी निमूटपणे ती फीत कपाटात टाकली. धाकटा मुलगा तेव्हा जन्मलाही नव्हता.

वर्षं गेली. मुलगी लग्न होऊन पलीकडच्या गल्लीत गेली. धाकटा मोटार गॅरेजात मेकॅनिक झाला. तेव्हा शेजारच्या देशाशी कुरबूर चालली होती, पण लोकांना युद्ध नको होतं. अशात एकदा नाट्यविभागाच्या साहेबांनी मास्तरांना बोलावलं. सोबत माहिती खात्यातला एक गोडबोल्या गृहस्थ बसला होता.

"सीमेवरच्या गावावर हल्ला होतो, असा प्रसंग हवाय," साहेब म्हणाले. "संवाद नकोत. नुसते आवाज."

"नाटकाचं नाव काय?"

"ठरायचंय अजून."

मास्तर हरखले. नुसत्या आवाजांचं नाटक! दिवसभर त्यांना जेवणाचीही शुद्ध राहिली नाही. बूट, गोळ्या, मोडणारी तुळई, पसरत जाणारी आग. गृहस्थ डोळे मिटून ऐकत होता. "लहान मूल हवं होतं एखादं," तो हळूच म्हणाला. मास्तर जरा घुटमळले. मग त्यांनी कपाट उघडलं.

सगळं ऐकून झाल्यावर गृहस्थाने त्यांचा हात हातात घेतला. "मास्तर, काटा आला हो अंगावर." एवढं कौतुक त्यांच्या वाट्याला कधी आलं नव्हतं. त्या दिवशी ते चालत घरी गेले, शीळ घालत.

काही दिवसांनी, सकाळच्या बातम्यांत निवेदकाचा आवाज कापला. शत्रूने सीमेवरचं एक गाव रातोरात पेटवलं होतं. 'आमच्या प्रतिनिधीने जीव धोक्यात घालून केलेलं ध्वनिमुद्रण' ऐका, असं तो म्हणाला. मग बूट आले, गोळ्या आल्या, तुळई मोडली. मग मूल रडलं.

बायकोच्या हातून चहाचं गाळणं पडलं. "अहो," ती म्हणाली, "ही आपली ठमी आहे."

धाकटा दारात चपला घालत होता, तो तसाच थिजला. तो आईचं बोलणं ऐकतच नव्हता, रेडिओ ऐकत होता. "लेकरालासुद्धा सोडलं नाही," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

दिवसभर ते ध्वनिमुद्रण पुन्हा पुन्हा लागलं. चौकात कर्णे बांधले. कालपर्यंत 'कशाला हवंय युद्ध' म्हणणारा न्हावी वस्तरा खाली ठेवून रडला. भरती कचेरीसमोरची रांग कोपऱ्यापलीकडे वळली. संध्याकाळी धाकटा घरी आला तो नाव नोंदवूनच.

"अरे, ते खोटं आहे," मास्तर म्हणाले. "मी केलंय ते. ते रडणं तुझ्या ताईचं आहे. बोट सापडलं होतं तिचं दारात."

धाकट्याने रागावून नाही, कीव आल्यासारखं पाहिलं. "बाबा, मी जाऊ नये म्हणून तुम्ही काय वाटेल ते बोलाल."

"खरं सांगतायत रे ते," आई म्हणाली.

"तू तर काय, आईच आहेस."

मास्तरांनी पिशवीतून सेलोफेनचा कागद काढला आणि मुलाच्या कानाशी नेऊन चुरगाळला. स्वयंपाकघरात आग लागली. मुलगा हसला. "छान करता हो तुम्ही. पण नक्कल ती नक्कल. खरं असलं की ऐकताक्षणी कळतं, बाबा. काळजाला भिडतं."

उभ्या आयुष्यात इतकी मोठी शाबासकी कुणी दिली नव्हती. मास्तरांनी कागद पुन्हा पिशवीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी ते साहेबांकडे गेले. साहेबांनी दार लावून घेतलं. "गाव जळलंच आहे, मास्तर. आपल्याकडे फक्त आवाज नव्हता, तेवढा तुम्ही पुरवलात. आणि मुलगा सैन्यात चाललाय ना तुमचा? मग बाहेर काही बोलताना त्याचा विचार करा." मास्तर तसेच परत फिरले. गाव खरंच जळलं असेल, हे त्यांनी मनाला पटवलं. दुसरं काय करणार होते?

धाकटा सैन्याच्या ट्रकवर ड्रायव्हर म्हणून गेला. सीमेजवळच्या रस्त्यावर त्याचा ट्रक पेटला. घरी परत आणण्यासारखं काही उरलं नव्हतं, असं सांगायला आलेल्या अधिकाऱ्याने मान खाली घालून सांगितलं.

बायको मास्तरांना एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. ती दोघांची ताटं वाढायची आणि स्वतःचं ताट घेऊन आतल्या खोलीत जायची. मुलगी आली, बापासमोर बसली. आपल्या हाताचं ते बोट ती कितीतरी वेळ दाबत राहिली. मग म्हणाली, "तेव्हा मी दात आवळून गप्प बसले असते, तर?"

"तू चार वर्षांची होतीस गं," मास्तर म्हणाले.

तह झाला. मास्तरांनी नोकरी सोडली. एके दिवशी ते त्या गावाला निघाले. "मीही येते," म्हणून मुलगी सोबत आली. गाव खरोखरच जळलेलं होतं. भिंती काळ्या, छपरं नव्या पत्र्यांची. क्षणभर मास्तरांना हलकं वाटलं. मग त्या हलकेपणाची शरम वाटली. एक बाई एकटीच भिंत बांधत होती.

"ती पहिली रात्र…" मास्तरांनी विचारलं. "रेडिओवर लागली होती ती."

"त्या रात्री काही नाही झालं," बाई म्हणाली. "सकाळी आम्हीच रेडिओवर ऐकलं, आमचं गाव जळालं म्हणून. नवरा म्हणाला, 'ऊठ गं, आपण मेलोय, चहा तरी टाक.' हसलो आम्ही. पण ते लेकरू रडायला लागलं आणि हसू विरलं. वाटलं, वरच्या आळीतलं कुणाचं असेल. घरोघर विचारत फिरले मी. सगळी पोरं जागच्या जागी. मग आपलं सैन्य आलं. शेतात तोफा मांडल्या. पलीकडून जबाब आला, तेव्हा जळालं. नवरा त्यातच गेला."

"ते रडणं माझं होतं," मुलगी म्हणाली. "लहानपणीचं. बाबा रेडिओत होते."

बाईने तिच्याकडे पाहिलं, मग मास्तरांकडे. शिव्या देईल, धोंडा उचलेल, असं त्यांना वाटलं. त्यांची तयारी होती.

"वाचलीस ना," ती मुलीला म्हणाली. मास्तरांना ती काहीच बोलली नाही. वळून तिने पुढची वीट लावली.

मास्तरांनी कोट काढून ठेवला आणि विटा उचलून द्यायला लागले. बाईने घ्या म्हटलं नाही, नको म्हटलं नाही. त्यांच्या हातून वीट घेताना तिने एकदाही वर पाहिलं नाही. बसची वेळ झाली तेव्हा भिंत कमरेएवढी झाली होती.

घरी पोचल्यावर बायकोने विचारलं, "कसं आहे गाव?"

"बांधतायत," मास्तर म्हणाले. "मी पुन्हा जाणार आहे."

तिने ताटं वाढली. आपलं ताट घेऊन ती आतल्या खोलीच्या दारापर्यंत गेली, तिथे जराशी थांबली, आणि मग आत गेली.