आधी आतली बाजू

अण्णांच्या हातात कुठलाही कपडा द्या, ते तो आधी उलटा करणार. मॅनेजरचा कोट असो की माझा स्वेटर. "आधी आतलं दाखव, अक्का."

बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात आम्ही दोघं नमुन्याचे कपडे शिवायचो. मी निपाणीची, अण्णा पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूतल्याच मराठी शिंप्याच्या घरातले. शिवण पुरी होते न होते तोच ते ब्लेड काढायचे. "स्वल्प चुकलंय. उसव." पाहून पाहून आपल्यालाच धाप लागावी, असा माणूस.

याला कारण एक अमेरिकन शिंपी. अण्णांच्या तरुणपणी त्यांच्या वडिलांच्या दुकानात त्यानं शिवलेला एक जुना गाऊन दुरुस्तीला आला होता. बिनबाह्यांचा, बारीक कमरेचा, खाली भला मोठा घेर. अण्णांनी तो आतून पाहिला आणि कायमचे अस्वस्थ झाले. "नट्यांचे कपडे शिवून मोठा झाला तो. वरचा झगमगाट सगळे बघतात. पण आत? पट्ट्या, अस्तर, हातशिलाई. घर बांधलंय, घर!" जेवणाच्या सुट्टीत हे इतक्यांदा ऐकलं, की मला त्या अमेरिकनाचा रागच यायला लागला.

मुलीच्या रिसेप्शनला अण्णांनी तसाच गाऊन शिवायला घेतला. चार महिने खपले. रिसेप्शनच्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी गेले, तर गाऊनची कंबर उसवलेली आणि अण्णा येरझारा घालताहेत.

"जागाच ठेवली नाही मी. सरी नाही हे, बरोबर नाही."

"अण्णा, आत कोण बघतंय?" मुलगी रडकुंडीला आली होती.

"मी बघतोय की."

कसली जागा, ते कुणीच विचारलं नाही. ती भाड्याचा लेहेंगा घालून उभी राहिली. अण्णा जेवले नाहीत. मला त्यांची कीव आली, आणि खरं सांगते, चीडही आली.

पुढे कमरेचं कापड नव्यानं कापून त्यांनी गाऊन पुरा केला. मुलीनं त्याला हात लावला नाही. गेल्या वर्षी अण्णा गेले.

परवा ती बेळ्ळंदूरहून गाऊन घेऊन माझ्याकडे आली. लेकाच्या पहिल्या वाढदिवसाला तिला तोच घालायचा होता, पण बाळंतपणानंतर हूक लागेना.

"अण्णा असते तर..." तिनं गाऊन माझ्या हातात दिला.

मी गाऊन उलटा केला. कमरेच्या प्रत्येक शिवणीत दोन-दोन बोटं जादा कापड दुमडून, बारीक हातशिलाईनं बसवलं होतं. मुलगी पुढे अंगानं भरेल, हे त्यांनी आधीच धरलं होतं.

ती कितीतरी वेळ त्या टाक्यांवरून बोट फिरवत राहिली. मी ब्लेड शोधलं.

"उसवू?"

"उसवा, अक्का."